सिकलसेलच्या पेशंटचं ऑपरेशन: रक्ताच्या कुठल्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे चाकणला कंपनीत आहेत. बहीण २४ वर्षांची, गडचिरोलीकडे आईवडिलांजवळ राहते, सिकलसेल एसएस पॅटर्न (म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलचा जीन आलेला, पूर्ण आजार). पित्ताशयात खडे आहेत, दोनदा पोटात जोरात दुखून उलट्या झाल्या, आता पुण्याला आणून दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं चाललंय. रिपोर्ट असे: हिमोग्लोबिन ८.२, पांढऱ्या पेशी १३,४००, प्लेटलेट ३ लाख ८० हजार, बिलिरुबिन ३.१, एलडीएच ४८०, एचबीएफ (बाळपणी असतं ते हिमोग्लोबिन) १८ टक्के, क्रिएटिनिन ०.६. एक डॉक्टर म्हणाले आधी रक्त चढवू, दुसरे म्हणाले एवढ्या हिमोग्लोबिनला गरज नाही, आणि लॅबवाल्याने वर एक महागडं 'रिस्क पॅकेज' पुढे केलं. तर यातला कुठला मार्कर बघितला की कळतं ऑपरेशन नीट पार पडेल की नाही, असं विचारलंय.

मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करते. आपल्याकडे विदर्भातून, नंदुरबार-धुळ्याकडून, पालघरकडून शिकायला आणि नोकरीला आलेली बरीच मंडळी आहेत, त्यामुळे सिकलसेलचे पेशंट ऑपरेशनआधीच्या तपासणीला माझ्यासमोर येत असतात. पित्ताशयाचे खडे, खुब्याचं हाड झिजलेलं, प्लीहा काढायची, बाळंतपणाचं सिझेरियन, साधारण हेच. तुमच्या बहिणीला मी बघितलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितेय ते तिच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडावं म्हणून, त्यांच्याऐवजी नाही.

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. असा एकही मार्कर नाही. लोकांनी शोधलेत, अजूनही शोधतायत, पण एक आकडा बघून 'हो, ही पार पडेल' असं सांगता येईल अशी रक्ताची टेस्ट आज आमच्या हातात नाही. तुमच्या प्रश्नाच्या पोटात खरं म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटतं. ऑपरेशनला आत्ताची वेळ बरोबर आहे का, आधी रक्त द्यायचं का आणि किती, आणि नंतर छातीचा त्रास होण्याची भीती कितपत आहे. यातल्या प्रत्येकाला वेगवेगळे रिपोर्ट लागतात आणि काहींना रिपोर्ट लागतच नाहीत, नुसतं नीट विचारावं लागतं.

आम्ही घाबरतो कशाला ते आधी समजून घ्या. ऑपरेशन टेबलवर काही होईल याची भीती त्यामानाने कमी असते, तिथे ऑक्सिजन, सलाईन, तापमान सगळं आमच्या हातात असतं. खरी काळजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. पेशंट वॉर्डात आहे, वरच्या पोटात टाके दुखतायत म्हणून ती खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आडवी पडून राहते, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथलं ऑक्सिजन कमी पडतं आणि कमी ऑक्सिजनला सिकलच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग ऑक्सिजन आणखी कमी. ताप येतो, छातीत दुखतं, धाप लागते, एक्सरेत नवीन पांढरा डाग दिसतो. याला एक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात आणि सिकलसेलमध्ये ऑपरेशननंतरचा सगळ्यात मोठा धोका हाच. दुर्बिणीने केलं म्हणून हा टळत नाही हे लक्षात ठेवा, पोटावरचे छेद छोटे असले तरी गॅस भरून श्वासाचा पडदा वर ढकललेला असतो आणि भूल पूर्णच द्यावी लागते.

आता रिपोर्टकडे. सगळ्यात पहिला रिपोर्ट तुम्ही दिलेल्या यादीत नाहीच, तो म्हणजे एचपीएलसी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी. एसएस पॅटर्न आहे असं तुम्ही लिहिलंय, पण ते कशावरून? बऱ्याच जणांची लहानपणी शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट झालेली असते आणि ती नुसती 'सिकल आहे' एवढंच सांगते, वाहक आहे की आजारी ते सांगत नाही. एचपीएलसीत एचबीएस (सिकलचं हिमोग्लोबिन) किती टक्के, एचबीएफ किती, एचबीए२ किती असं सगळं येतं. एएस म्हणजे वाहक असेल तर एचबीएस साधारण ३० ते ४० टक्के असतं, बाकी मुख्यतः नॉर्मल हिमोग्लोबिन, आणि अशा माणसाला साध्या ऑपरेशनआधी सिकलसाठी म्हणून रक्त द्यायची गरज नसते. एसएस असेल किंवा सिकल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र असेल तर गोष्ट वेगळी. अजून एक, गेल्या तीन महिन्यांत तिला रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसीत दुसऱ्याचं रक्तही मोजलं जातं आणि एसएसचा पेशंट कागदावर एएससारखा दिसू शकतो. तेव्हा तारीख बघा. तुमच्याकडे एचबीएफचा आकडा आहे म्हणजे एचपीएलसी बहुतेक झालेली आहे, तो मूळ कागद शोधून आणा.

हिमोग्लोबिन ८.२. दोन डॉक्टरांचं एकमत झालं नाही ते इथेच, आणि दोघंही आपापल्या जागी चुकीचे नसतील. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सिकलसेलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन कायमच कमी असतं, शरीराला त्याची सवय झालेली असते. महत्त्वाचं हे की तिचं एरवीचं, दुखणं-ताप काही नसतानाचं हिमोग्लोबिन किती असतं. गेली दोन-तीन वर्षं ८ ते ८.५ असेल तर ८.२ म्हणजे ती तिच्या नेहमीच्या जागेवर आहे. एरवी ९.८ असतं आणि आता ८.२ झालंय, तर मी सर्जनला फोन करून म्हणेन थांबा जरा, कुठे गेलं ते शोधू. लाल पेशी जास्त फुटतायत, की तयार कमी होतायत, की प्लीहेत साठतायत, की कुठून रक्तस्राव होतोय. आपल्याकडच्या बऱ्याच पेशंटची प्लीहा मोठेपणीही टिकून असते, तेव्हा पोट तपासताना ती हाताला लागते का हे बघणं आलंच.

आणि इथे जोडीला लागतो रेटिक काउंट, म्हणजे नव्या तयार होणाऱ्या लाल पेशींची टक्केवारी. हा तुमच्या यादीत नाही आणि नसल्याचं मला आश्चर्य वाटत नाही, बहुतेक फिटनेसच्या यादीत तो नसतोच, पैसे फार पडत नाहीत तरी कुणी लिहित नाही. सिकलमध्ये पेशी लवकर फुटतात, त्यामुळे हाडातली मज्जा सतत नव्या पेशी पाठवत असते आणि रेटिक ५ ते १५ टक्के वगैरे सापडतो. हिमोग्लोबिन ८.२ आणि रेटिक ९ टक्के असेल तर कारखाना चालू आहे. तेच हिमोग्लोबिन ८.२ आणि रेटिक अर्धा टक्का, तर गडबड आहे, मज्जा बंद पडलीय, बहुतेक वेळा पार्वोव्हायरस नावाच्या साध्या विषाणूमुळे, आणि अशा पेशंटचं हिमोग्लोबिन पुढच्या काही दिवसांत भराभर खाली जाणार असतं. दोघींच्या सीबीसीवर आकडा एकच दिसेल, पण एकीला तारीख देता येते आणि दुसरीला घरी पाठवायचं सोडा, ॲडमिट करावं लागतं. मला एकच टेस्ट वाढवायला सांगितली तर मी रेटिक सांगेन.

आता रक्त द्यायचं का. यावर बऱ्यापैकी चांगला अभ्यास आहे. १९९५ साली अमेरिकेत ६०४ ऑपरेशनांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका गटात रक्त बदलून बदलून एचबीएस ३० टक्क्यांच्या खाली आणलं आणि दुसऱ्या गटात नुसतं हिमोग्लोबिन १० पर्यंत नेलं. ऑपरेशनचे त्रास दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले, ३१ टक्के आणि ३५ टक्के, पण रक्तामुळे होणारे त्रास पहिल्या गटात १४ टक्के तर दुसऱ्यात ७ टक्के. म्हणजे जास्त रक्त देऊन फायदा नाही, उलट तोटा. मग प्रश्न उरला की रक्त अजिबात दिलंच नाही तर? त्याचं उत्तर २०१३ च्या टॅप्स नावाच्या चाचणीत आलं. ६७ पेशंट, छोटी आणि मध्यम ऑपरेशनं. रक्त न दिलेल्यांत ३९ टक्के लोकांना महत्त्वाचे त्रास झाले, दिलेल्यांत १५ टक्के. गंभीर त्रासाचा फरक तर आणखी मोठा, ३० टक्के आणि ३ टक्के, आणि त्या गंभीर प्रसंगांत बहुतेक सगळे एक्यूट चेस्ट सिंड्रोमचे. ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०२० च्या अमेरिकन हिमॅटॉलॉजी सोसायटीच्या सूचनाही साधारण हेच म्हणतात की पूर्ण भूल देऊन एक तासावर चालणारं ऑपरेशन असेल तर आधी रक्त देण्याचा विचार करा, हिमोग्लोबिन ९ च्या वर ठेवा.

यावर कुणी म्हणेल की हे सगळे परदेशातले पेशंट, आपल्यांचं एचबीएफ जास्त असतं, आपल्याला लागू कसं? मुद्दा रास्त आहे. आपल्याकडचा सिकलचा प्रकार अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणून ओळखला जातो, त्यात एचबीएफ जास्त असतं आणि एचबीएफ असलेल्या पेशी सहजी वाकड्या होत नाहीत. तुमच्या बहिणीचं १८ टक्के आहे ही चांगलीच गोष्ट. पण विदर्भातले एसएस पेशंट कुणी जवळून बघितलेत त्यांना माहितीय की एचबीएफ चांगलं असूनही वारंवार दुखणं उठणारे, छाती धरणारे पेशंट तिथे कमी नाहीत. हेल्मेट घातलंय म्हणून कुणी सिग्नल तोडत नाही, तसं १८ टक्क्यांकडे बघा. दुसरं असं की ती हायड्रॉक्सीयुरिया (एचबीएफ वाढवणारी गोळी) घेत असेल तर त्यातले काही टक्के औषधाचे आहेत, आणि हे सीबीसीतल्या एमसीव्हीवरून, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकारावरून, थोडं कळतं. गोळी नियमित घेणाऱ्याचा एमसीव्ही वाढतो, घरचे म्हणतायत रोज घेते आणि एमसीव्ही ७४ दिसतोय तर मी पेशंटला एकटीला विचारते. अर्थात आपल्याकडे अल्फा थॅलेसेमिया आणि लोहाची कमतरता या दोन्हीमुळेही एमसीव्ही कमी राहतो, त्यामुळे त्यावरून कुणाला खोटं पाडू नये.

तर माझं मत: एसएस नक्की असेल, हिमोग्लोबिन एरवीसारखंच ८.२ असेल, तर दुर्बिणीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी मी थोडं रक्त देण्याच्या बाजूने आहे. थोडं म्हणजे साधारण एक-दोन पिशव्या, एका पिशवीने हिमोग्लोबिन जवळपास १ ने वाढतं, १० च्या आसपास थांबायचं. 'देतोच आहोत तर १२ करू' हा उत्साह इथे महागात पडतो, कारण सिकलच्या पेशी असताना रक्त दाट झालं की ते बारीक नळ्यांतून नीट वाहत नाही. ज्यांचं हिमोग्लोबिन मुळातच ९.५-१० आहे त्यांना वरून रक्त भरता येत नाही, त्यांच्यात थोडं काढून थोडं घालावं लागतं, ते जरा तयारीचं काम आहे. आणि दुसऱ्या डॉक्टरांनी नको म्हटलं त्यामागे कदाचित वेगळं कारण असेल, ते विचारा. पूर्वी रक्त चढवताना रिॲक्शन आली असेल तर मीही दहा वेळा विचार करेन.

ही रक्ताची गोष्ट आली म्हणून थोडं जास्त लिहिते, कारण ज्या टेस्टला लोक मार्कर समजतच नाहीत ती माझ्या मते रक्त देताना सगळ्यात कामाची आहे. अँटीबॉडी स्क्रीनिंग. सिकलच्या पेशंटला लहानपणापासून इथे-तिथे रक्त मिळालेलं असतं, तालुक्याला एकदा, जिल्ह्याला एकदा, नागपूरला एकदा, आणि प्रत्येक वेळी फक्त ए-बी-ओ आणि आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच जुळवलेलं असतं. पण लाल पेशींवर याशिवाय बरेच अँटिजेन असतात, सी, ई, केल, किड, डफी वगैरे, आणि परक्या अँटिजेनविरुद्ध शरीर अँटीबॉडी तयार करतं. वाईट भाग असा की काही महिन्यांनी या अँटीबॉडी इतक्या कमी होतात की टेस्टमध्ये सापडत नाहीत, क्रॉसमॅच व्यवस्थित जुळतो, रक्त दिलं जातं, आणि मग जुनी आठवण जागी होऊन आठवड्या-दीड आठवड्याने ते रक्त फुटायला लागतं. पेशंट तोवर घरी गेलेली असते. अंग दुखतं, ताप येतो, डोळे पिवळे, लघवी गडद तांबूस-काळपट, आणि घरचे म्हणतात परत सिकलचं दुखणं उठलं. कधीकधी स्वतःच्या पेशीही सोबत फुटतात आणि हिमोग्लोबिन रक्त देण्याआधीपेक्षाही खाली जातं. तिथे घाईघाईने आणखी रक्त दिलं तर आगीत तेल.

म्हणून करायचं काय, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी रक्तपेढीत चिठ्ठी पाठवायची नाही. किमान चार-पाच दिवस आधी सॅम्पल द्यायचा, त्यावर 'सिकलसेल पेशंट' असं स्पष्ट लिहून घ्यायचं, अँटीबॉडी स्क्रीनिंग करायला सांगायचं, आणि शक्य असेल तिथे आरएचचे बाकीचे अँटिजेन आणि केल जुळवलेलं रक्त मागायचं. पुण्यात मोठ्या रक्तपेढ्यांत हे होतं, पण वेळ द्यावा लागतो. याआधी कुठे कुठे, कधी रक्त घेतलं याची यादी आईला विचारून लिहून काढा, आईलाच आठवतं. सिकलसेलचं ओळखपत्र असेल तर तेही सोबत ठेवा, या पेशंटना रक्त मोफत मिळण्याची तरतूद आहे.

पांढऱ्या पेशी १३,४००. हे वाचून घाबरून अँटिबायोटिक सुरू करणारे असतात. सिकलमध्ये इन्फेक्शन नसतानाही पांढऱ्या पेशी जास्त असू शकतात, आणि वर अजून एक गंमत, रक्तात केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशी फिरत असतात आणि काही मशीन त्यांना पांढऱ्या पेशी म्हणून मोजतात. पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून सुधारित आकडा दिलाय का ते रिपोर्टच्या तळाला बघा. हे खरं की मोठ्या अभ्यासांत एरवीच ज्यांच्या पांढऱ्या पेशी खूप जास्त राहतात त्यांचा आजार पुढे जड जातो असं दिसलंय. पण ते वर्षानुवर्षांच्या हिशोबाचं आहे, येत्या ऑपरेशनचं भाकीत त्यावरून होत नाही. माझा नियम साधा आहे, नेहमीपेक्षा बऱ्याच वाढल्या असतील आणि सोबत ताप, खोकला, पोटात उजवीकडे दुखणं असेल तर थांबायचं, नाहीतर पुढे जायचं.

एलडीएच पेशी फुटल्याचा निर्देशक म्हणून ठीक आहे, जास्त फुटत असतील तर वाढतं. पण बारीक सुईने जोर लावून रक्त ओढलं, बाटली बाइकवरून हलत हलत गेली, तर नळीतच पेशी फुटतात आणि एलडीएच-पोटॅशियम दोन्ही खोटे वाढतात. शिवाय प्रत्येक लॅबची नॉर्मल मर्यादा वेगळी. त्यामुळे ४८० म्हणजे काय हे त्या लॅबची मर्यादा आणि तिचा जुना आकडा बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

बिलिरुबिन मात्र तुमच्या केसमध्ये नीट बघायचं. ३.१ हा एकूण आकडा झाला, त्यातलं डायरेक्ट किती आणि इनडायरेक्ट किती? पेशी फुटून वाढतं ते इनडायरेक्ट, सिकलवाल्यांचे डोळे कायम थोडे पिवळसर असतात ते त्यामुळे, त्याची ऑपरेशनला अडचण नाही. डायरेक्ट वाढलं असेल, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं असेल, तर खडा पित्ताशयातून निसटून नळीत अडकल्याची शंका घ्यावी लागते. मग आधी एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय), खडा सापडला तर एंडोस्कोपीने काढणं, आणि नंतर पित्ताशय. म्हणजे भुलेचे प्रसंग कदाचित दोन, आणि रक्ताचं नियोजनही त्याप्रमाणे. एकूण बिलिरुबिनच्या खालच्या दोन ओळी वाचायला कुणालातरी सांगा.

क्रिएटिनिन ०.६ वर टिक मारून लोक पुढे जातात. सिकलमध्ये किडनी सुरुवातीला जास्त गाळते, स्नायू कमी असतात, त्यामुळे क्रिएटिनिन खालीच राहतं आणि ०.९ सुद्धा कधीकधी बिघाडाचं असू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं तर खरं कळतं. मला हे कशासाठी हवं, तर ऑपरेशननंतर दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारखं औषध द्यायचं की नाही ते ठरवायला. एचबीए१सी कुणी लिहून दिली असेल तर करू नका, सिकलमध्ये लाल पेशीचं आयुष्यच कमी असल्याने ती शुगरबद्दल खोटं सांगते.

आता ते पॅकेज. डी-डायमर (रक्ताची गुठळी झालीय का ते बघायची टेस्ट) आहे बघा त्यात, सिकलमध्ये तो एरवीही वाढलेलाच असतो, वाढलेला बघून नुसती झोप उडेल. एनटी-प्रो-बीएनपी (हृदयावर ताण आला की वाढतं) ही टेस्ट वाईट नाही, १६० च्या वर असेल तर फुफ्फुसातला रक्तदाब वाढल्याची शंका घेतात, पण सरसकट करण्यापेक्षा जिला चालताना धाप लागते, जिचं ऑक्सिजन कमी राहतं, तिची टूडी इको करा, त्यातून जास्त कळतं. सिक्रेटरी फॉस्फोलिपेज ए२ नावाचा एक मार्कर आहे, छातीचा त्रास सुरू व्हायच्या आधी तो वाढतो असं दिसलंय आणि कागदावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या त्यात तोच, पण साध्या लॅबमध्ये मिळत नाही आणि त्यावरून रोजचे निर्णय घेण्याइतका तो पक्का झालेलाही नाही. व्हिटॅमिन, थायरॉइड वगैरे भरतीचे आहेत. पैसे अँटीबॉडी स्क्रीनिंगवर घाला.

रक्तापेक्षा जास्त सांगून जातात ती उत्तरं. पूर्वी कधी छातीचा असा त्रास होऊन ॲडमिट झाली होती का, गेल्या वर्षात दुखण्यासाठी किती वेळा सलाईन लावावं लागलं, लकवा-झटका कधी, दमा आहे का, रात्री घोरते का, गेल्या दोन-तीन आठवड्यांत सर्दी-ताप, पाळी चुकलीय का. यातली पहिली दोन उत्तरं 'हो, बऱ्याचदा' अशी आली की एचबीएफ कितीही छान असू दे, मी ऑपरेशननंतर पहिल्या दोन रात्री आयसीयू किंवा एचडीयूचा (आयसीयूच्या खालोखाल लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डाचा) बेड मागून घेते. आणि तिला आता घरी असतानाच, काही त्रास नसताना, ऑक्सिमीटर लावून आकडा लिहून ठेवा, नेलपॉलिश काढून, हात गरम असताना. सिकलमध्ये काहींचं नेहमीचंच ९३-९४ असतं. ते आधी माहीत असेल तर ऑपरेशननंतर ९३ दिसल्यावर धावपळ होत नाही, आणि नेहमी ९८ असणारीचं ९३ झालं तर कुणी दुर्लक्ष करत नाही.

ऑपरेशननंतर मात्र रक्ताचे रिपोर्ट खरंच कामाला येतात, पण रोजचे, एकामागे एक लावून. प्लेटलेट ३ लाख ८० हजारांवरून दुसऱ्या दिवशी २ लाख ६० हजार, तिसऱ्या दिवशी १ लाख ९० हजार, लॅब त्यावर कुठलीही लाल खूण करणार नाही कारण १ लाख ९० हजार 'नॉर्मल' आहे. मी तेव्हा बेडजवळ जाऊन श्वास मोजते. छातीच्या त्रासात प्लेटलेट २ लाखांच्या खाली गेलेले पेशंट जास्त आजारी पडतात हे माहिती असलेलं आहे. हिमोग्लोबिन एकदम दीड-दोनने उतरणं हीसुद्धा तशीच खूण.

पुण्याला आणण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते. नागपूरहून रात्रभराची एसी बस, वाटेत लघवीला उतरावं लागू नये म्हणून पाणी न पिणं, सकाळी उतरून थेट हॉस्पिटल आणि लगेच उपाशी, असं करू नका. थंडी, कमी पाणी आणि दमणं हे तिन्ही सिकल उठवतात. दोन-तीन दिवस आधी आणा, चादर-स्वेटर सोबत, पाणी भरपूर. ऑपरेशन लिस्टमध्ये पहिला नंबर मागा आणि साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं का ते भूलतज्ज्ञाला विचारा, बहुतेक वेळा चालतं. तीन बॉलचं ते स्पायरोमीटर आधीच विकत घ्या आणि घरी सराव करायला लावा, जागी असताना दर दोन तासांनी दहा वेळा. ऑपरेशननंतर दुखत असताना पहिल्यांदा हातात दिलं तर कुणीही ते नीट ओढत नाही. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

म्हणजे आता तुमच्यापुढचं काम एवढं: जुने सीबीसी शोधून तिचं नेहमीचं हिमोग्लोबिन काढा, एचपीएलसीचा मूळ कागद, रेटिक, डायरेक्ट बिलिरुबिन, अँटीबॉडी स्क्रीनिंग, घरचा ऑक्सिजनचा आकडा. ऑपरेशन मात्र फार लांबवू नका. दोनदा दुखून गेलंय, तिसऱ्यांदा पित्ताशयाला सूज येऊन किंवा खडा अडकून रात्री घाईने करावं लागलं तर यातली कुठलीच तयारी करायला मिळत नाही, आणि घाईचं ऑपरेशन सिकलमध्ये फार जड जातं.

आणि रक्त दिलं गेलं तर डिस्चार्ज मिळाल्या मिळाल्या गडचिरोलीची गाडी धरू नका. आठ-दहा दिवस तुमच्याकडेच राहू दे तिला, लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवायला सांगा, जायच्या आधी एकदा सीबीसी, रेटिक आणि बिलिरुबिन करून घ्या, आणि डिस्चार्ज कार्डवर रक्त कुठल्या तारखेला दिलं, किती पिशव्या, स्क्रीनिंगमध्ये काय आलं हे लिहून घ्या, तिथल्या डॉक्टरांना पुढच्या वेळी तेच लागणार आहे.